यायाच्या कापडातली रिकामी जागा

आमच्या घरात कुठलीही गोष्ट अर्धवट राहिलेली आईला खपायची नाही. ताटात घास राहिला तर खपायचा नाही, वाक्य मध्येच सोडलं तर खपायचं नाही, आणि भरतकामात एखादी पाकळी भरायची राहिली तर मग विचारूच नका. पुण्यातल्या एका मुलींच्या शाळेत ती शिवण आणि कशिदा शिकवायची. बाबांना ऑकलंडला इंजिनिअरची नोकरी लागली आणि आम्ही तिघं इथे आलो तेव्हा तिची शाळा सुटली, पण तिच्यातली मास्तरीण काही सुटली नाही. तिथे वर्गात चाळीस मुली होत्या, इथे मी एकटी. त्या चाळीस जणींच्या वाटणीचं सगळं माझ्या एकटीच्या बोकांडी बसलं. शाळेतून आलं की खायचं आणि खिडकीपाशी रिंग घेऊन बसायचं. काम झालं की आई ते हातात घेऊन आधी उलटं करायची. "पाठ बघू," म्हणायची. पाठीला गाठ दिसली की पहिल्यापासून उसव. मी तेव्हा चौदा वर्षांची. मला वाटायचं, या बाईला देवाने मुलगी दिली ती फक्त सुईत दोरा ओवायला.

तिचा एक ठरलेला किस्सा होता, तो मी शंभरदा ऐकला असेन. शकूमावशीच्या लग्नात रुखवतावर जो टेबलक्लॉथ मांडला होता त्यावर एक कमळ भरायचं राहून गेलं होतं, नुसतं पेन्सिलीने काढलेलं. मांडवातले लाडवांचे डोंगर, मण्यांची तोरणं, सगळं सोडून नवऱ्याकडच्या बायकांनी नेमकं तेवढंच पाहिलं. पुढे कितीतरी वर्षं मावशीच्या सासूबाई कुठलंही काम अडलं की म्हणायच्या, "यांच्याकडे कमळंसुद्धा तशीच राहतात." रिकामी जागा म्हणजे घराची नाचक्की, हे माझ्या डोक्यात असं पक्कं बसलं होतं. पुढे जे झालं त्याचं मूळ त्या कमळात आहे असं मला अजून वाटतं. मावशीच्या सासूला मी कधी पाहिलंही नाही, पण तिच्यावरचा माझा राग काही जात नाही.

घर सँडरिंगहॅमच्या एका आडगल्लीत होतं, लाकडी फळ्यांचं, थंडीत आतून ओल धरणारं. हल्ली मी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या अल्बनीहून गाडी काढून तिथल्या मेन रोडला कढीपत्ता आणि भाजणी आणायला जाते, पार्किंग मिळत नाही म्हणून शिव्या घालते. तेव्हा तिथे यातलं काही नव्हतं. कोपऱ्यावर एक डेअरी होती, तिथे पाव आणि दूध मिळायचं, आणि बाबा गुपचूप अंडी घेऊन यायचे. कुंपणापलीकडे एलेनीबाई राहायच्या. काळा झगा, काळे मोजे, कमरेला एप्रन, आणि आवाज असा की लिंबं तोडायला झाडावर चढल्या तर अख्ख्या गल्लीला कळावं. त्या ग्रीसमधल्या क्रीट बेटावरच्या. त्यांचा नवरा बिल इथला, युद्धात सैनिक म्हणून तिकडे गेलेला. आम्ही आलो तेव्हा तो जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा वेलिंग्टनला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कुंपणावरून लिंबांची पिशवी दिली आणि मला बजावलं, "मिसेस वगैरे नाही. याया म्हण." याया म्हणजे आजी. आई मात्र शेवटपर्यंत एलेनीबाईच म्हणाली.

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, तिघींचंही मोडकं, त्यामुळे कोणाला कोणाची लाज नव्हती. ईस्टरला याया कांद्याच्या सालीत उकडून लालभडक केलेली अंडी आणायची. तिचा ईस्टर बहुतेक वेळा इथल्या सुट्टीनंतर यायचा, अंगणात फिजोआच्या हिरव्या फळांचा सडा पडलेला असायचा तेव्हा. आई अंडं खात नाही, पण सणाचं दिलेलं टाकायचं कसं? तिने पहिल्या वर्षी ती अंडी शोकेसमध्ये गणपतीशेजारी मांडली. महिन्याभराने घरभर असा वास सुटला की बाबांनी गॅसवाल्याला फोन केला. याया हे ऐकून हसता हसता पायरीवरच बसली. पुढच्या वर्षीपासून तिने आईसाठी तिळाच्या बिस्किटांचा वेगळा डबा केला, आणि आईने तिच्यासाठी पुरणपोळ्या. मला तो काळ आठवतो तो कांद्याच्या सालीच्या आणि वेलचीच्या वासासकट.

आणि ते कापड. दोन हात रुंद, साडीच्या पदराएवढं लांब, जाड्याभरड्या सुताचं, पिवळं पडलेलं. एरवी पेटीत असायचं, ईस्टरच्या आठवड्यात भिंतीवर चढायचं. यायाच्या घराण्यातल्या दोन पिढ्यांच्या बायकांनी ते भरलं होतं. एका टोकाला तिच्या आजीने जळणारा मठ काढला होता, तुर्कांच्या हाती पडण्यापेक्षा आतल्या लोकांनी दारूगोळ्याला बत्ती दिली तो. मग तिच्या आईने भरलेली जहाजं, समुद्रापलीकडून घरंदारं टाकून आलेल्या निर्वासितांनी भरलेली. माणसं म्हणजे नुसते काळे टाके, पण प्रत्येकाच्या हातात गाठोडं. पुढे आकाशातून उतरणारे जर्मन छत्रीधारी. यायाच्या आईने छत्री त्याआधी कधी पाहिलेली नव्हती, म्हणून तिने उलटी फुलं काढली होती आणि प्रत्येक फुलाच्या देठाला एक माणूस लोंबत होता. त्याखाली कोयते घेतलेल्या बायका, आणि डोंगरातल्या चीज करायच्या झोपडीत लपवलेला एक लांबलचक माणूस. तो बिल. "आईला लिहिता येत नव्हतं," याया सांगायची. "पण ती तसं म्हणायची नाही. ती म्हणायची, मला सुई येते." मी पुण्याहून इतिहास घेऊन आले होते तो सनावळ्यांचा, वहीच्या समासात लिहून पाठ केलेला. बायकांनी कापडावर देशाचा इतिहास लिहून ठेवायचा, ही गोष्टच मला नवीन होती.

शेवटच्या टोकाला यायाचं घर होतं. बाप, आई, हात धरून उभी एलेनी, मग हाताएवढी मोकळी जागा, मग लहान भाऊ यानिस. सगळ्यांच्या अंगात गडद निळं. याया बोटाने एकेक दाखवत जायची आणि त्या जागेपाशी आली की बोट उडी मारून यानिसवर जायचं. कधी थांबायचं नाही, कधी चुकायचं नाही. बोलताना तिचा दुसरा हात कापडाच्या खालच्या कोपऱ्यावर असायचा. तिथली दुमड जाड होती, आत काहीतरी टणक. तिथे ती अंगठा घासत बसायची. मी विचारलं तर म्हणाली, "वजन असेल. कापड सरळ लोंबावं म्हणून घालतात."

दुसऱ्या ईस्टरला आम्ही तिच्याकडे जेवायला होतो. जेवणं होतात तोच पॅसेजमधला फोन वाजायला लागला. याया डाव हातात धरून उभी राहिली. फोन वाजतोय, वाजतोय, थांबला. परत वाजायला लागला. बाबा उठायला लागले तर ती म्हणाली, "राँग नंबर." वाजणारा फोन न उचलताच हिला नंबर चुकीचा कसा कळला, असं मी आईला येताना विचारलं. आई म्हणाली, "दुसऱ्याच्या घरातलं विचारू नये."

त्याच्या पुढच्या वर्षी ईस्टरच्या आधी यायाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मुलगा आला होता, ती आठवडाभर त्याच्याकडे जाणार होती. कापडाच्या एका काठाला कसर लागली होती. तिने ते आईच्या नव्हे, माझ्या हातात दिलं. "तुझी पाठ स्वच्छ असते," म्हणाली. "काठ तेवढा सांध. मी येईन तेव्हा आपण दोघी भिंतीवर लावू." मला आभाळ ठेंगणं झालं. चाळीस मुलींत पहिली आल्यासारखी मी ते कापड छातीशी धरून घरी आले.

काठ दोन दिवसांत झाला. तिसऱ्या दिवशी उजेडात धरून बघते तर त्या मोकळ्या जागेत भोकं दिसली, सुईची. बारीक, एका ओळीत. डोकं, खांदे, दोन पाय. काही भोकांत निळ्या सुताची लव अडकलेली. मला वाटलं, अरेच्चा, इथे कोणीतरी भरायला घेतलेलं आणि राहिलं! यायाला डोळ्यांनी दिसत नाही, बिचारी कोणाला सांगणार? भिंतीवर लागलं की येणाऱ्याजाणाऱ्याला नेमकं तेवढंच दिसणार. शकूमावशीचं कमळच ते. मी आईला दाखवलं. आईने चष्मा लावून भोकं मोजली, डब्यातून निळ्या दोऱ्याची लडी काढली, सुताच्या लवेशी जुळवून पाहिली. "थोडा उजळ आहे, पण चालेल," म्हणाली. "भर. खूश होतील." मग कापड चाळता चाळता ती खालच्या कोपऱ्यापाशी थांबली. "एवढं सुरेख काम, आणि हा कोपरा बघ. किती वेडेवाकडे टाके, कोणीतरी घाईत शिवलाय. हाही उसवून नीट घाल." मी हो म्हटलं. आधी माणूस, मग कोपरा.

मी तो माणूस चार दिवस भरला. एक गोष्ट आजही अंगावर काटा आणते. मला काही ठरवावंच लागलं नाही. सुई भोकात घातली की पुढचं भोक आपोआप सापडायचं, जणू हात दुसऱ्या कोणाचा तरी होता. चेहऱ्याशी आल्यावर कळलं की तो हसतोय. रांगेतलं दुसरं कोणी हसत नव्हतं. मला तेव्हा त्यात गंमत वाटली होती. कोपरा करायच्या आत यायाची गाडी आली.

तिच्या डोळ्याला काळा चष्मा होता. मी कापड तिच्या टेबलावर पसरलं आणि बाजूला होऊन म्हटलं, "सरप्राइज!" तिने चष्मा काढला. नव्या डोळ्याने तिने पहिल्यांदा नीट काही पाहिलं असेल तर ते हे. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच खुर्चीवर बसली आणि त्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, "मानोलिस."

मग तिने ते सगळं सांगितलं, एकदम आणि कोरडेपणाने. जर्मन गेले आणि मग ग्रीसच ग्रीसशी लढायला लागला. यानिस डोंगरात बंडखोरांबरोबर गेला. थोरला मानोलिस सरकारी फौजेत होता. डोंगर चढून गेलेल्या तुकडीत तो होता, आणि यानिस खाली आला तो खेचरावर आडवा टाकून. गोळी कोणाची, कोणालाच माहीत नव्हतं. मानोलिस दारात आला तेव्हा आईने दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती हे कापड घेऊन उंबऱ्यावर बसली आणि गावादेखत तिने जिवंत मुलाला कापडातून काढला. मेलेला राहू दिला. "कात्री लावली नाही," याया म्हणाली. "एकेक टाका ओढून. मग उठली आणि दोरा चुलीत टाकला. मी शेजारी उभी होते. त्या दिवसापासून आमच्या घरात ते नाव नाही. आज मी घेतलं."

"तो फोन..." मी म्हणाले.

"मेलबर्नहून करतो. दर ईस्टरला." तिने सुई माझ्यापुढे सरकवली. "काढ. आत्ता. कात्री नको."

एवढ्यात आई ताट घेऊन कुंपणाच्या फाटकातून आली, आणि माझं तोंड बघून तिथेच थबकली. मी रडत रडत सांगितलं. आईने ताट ठेवलं. "पोरीची चूक नाही, एलेनीबाई. दोरा मी दिला."

"मग तूही बस," याया म्हणाली.

आम्ही दोघी बसलो. आई कापड ताणून धरत होती, मी सुईच्या टोकाने टाका उचलत होते. आधी पाय गेले, मग कंबर. उसवलेला दोरा टाक्यांची वळणं घेऊनच बाहेर येतो, कुरळ्या केसासारखा. तो माझ्या मांडीवर साचत गेला. हसणाऱ्या तोंडाशी आले तेव्हा माझा हात पुढे जाईना. आईनेच मग ते चार टाके काढले. एरवी कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात नसणारी ती, पण तेव्हा बोलली, "रागावू नका, पण एवढ्या वर्षांनी फोन तरी उचला. भाऊ आहे."

"आईने काढलंय," याया म्हणाली. "आई असती तर मी तिच्याशी भांडले असते. ती नाही. तिने काढलेलं मी कुठल्या हक्काने घालू? तिला दया आली असती तर मीही उचलला असता." आणि तिने माझ्या मांडीवरचा दोरा उचलून शेगडीत टाकला. मग पुन्हा येऊन बसली, अंगठा त्या कोपऱ्यावर. मी कोपऱ्याचे वेडेवाकडे टाके बघत होते. सुई माझ्या हातातच होती. पण पुन्हा यायाच्या कापडाला हात लावायची माझी छाती झाली नाही.

त्या ईस्टरला आम्ही गेलो, कारण तिनेच बोलावलं. कापड भिंतीवर होतं. फोन वाजला. थांबला, परत वाजला. माझी नजर त्या जागेवर होती, आणि खोटं कशाला सांगू, मला तिथे तो दिसत होता, भोकाभोकांतून हसत. कोणी उठलं नाही. फोन एकदाचा बंद झाला तेव्हा आईने भाताचं भांडं उगाचच पुढे केलं.

पुढच्या वर्षी फोन वाजलाच नाही. यायाने सकाळपासून पॅसेजमध्ये खुर्ची ओढून ठेवली होती. जेवली नाही. चार वाजता तिने बाबांना हाक मारली, "तुम्ही इंजिनिअर ना? लाइन बघा. काहीतरी बिघडलंय." बाबांनी रिसीव्हर कानाला लावला, वायर तपासली, घरी येऊन आमच्या फोनवरून तिचा नंबर फिरवला. पलीकडे घंटी खणखणीत वाजली, आणि तिने ती एका क्षणात उचलली. "मानोलिस?" म्हणाली. बाबा सांगतात, आयुष्यात त्यांना इतकं अपराधी कधी वाटलं नाही. थंडी सुरू झाल्यावर मेलबर्नहून कोणा भाचीचं पत्र आलं. तो जानेवारीतच गेला होता.

याया त्यानंतर सात वर्षं होती. लिंबं देत राहिली, अंडी रंगवत राहिली. माझ्यावर तिने पुन्हा राग धरला नाही, आणि कापडाचा विषय पुन्हा काढला नाही. ती गेल्यावर मुलगा कापड घेऊन आमच्या दारात आला. वर चिठ्ठी होती, माझं नाव आणि खाली, "जिची पाठ स्वच्छ असते तिला."

तेव्हापासून ते माझ्याकडे आहे. नवऱ्याने दोनदा विचारलं, म्युझियमला का देत नाहीस. मुलगी विचारते, "मॉम, व्हाय इज देअर अ गॅप?" मी भिंतीवर कधी लावलं नाही. खोलीत मी एकटी असताना ते उघडं असलं की कुठेतरी फोन वाजेल असं वाटत राहतं, आणि साठीला टेकलेल्या बाईने हे कोणाला सांगायचं! कोपऱ्याचं मात्र मनात होतं. आईचा शब्द राहिला होता, "हाही उसवून नीट घाल." पण हात धजत नव्हता.

गेल्या महिन्यात कापड उन्हात घालायला डेकवर नेलं आणि कोपऱ्याची शिवण आपणहून सुटली. सूतच कुजलं होतं. दुमडीतून अर्ध्या बोटाएवढी काटकी बाहेर पडली, ऑलिव्हची असेल. तिच्यावर दोरा गुंडाळलेला होता. गडद निळा. मी तो उलगडायला लागले. त्याला वळणं होती. टाक्यामागून टाका, कुरळा, कुठेही कात्री न लागलेला. एवढ्या वर्षांत वळणं तशीच. मी तो भोकांतल्या लवेशेजारी धरला. काही जुळवावं लागलं नाही.

चुलीत यायाच्या आईने दुसरं काहीतरी टाकलं होतं. गावादेखत, मुलीदेखत टाकलं, आणि मग कधीतरी, घाईघाईत, वेड्यावाकड्या टाक्यांनी, मुलाला कोपऱ्यात शिवून ठेवलं. आणि याया आयुष्यभर त्याच्यावर अंगठा घासत बसली आणि म्हणत राहिली, तिला दया आली असती तर. दोन टाके उसवले असते मी त्या दिवशी. दोनच. फोन यायच्या ईस्टरला तेव्हा सहा दिवस होते.

आई आता माझ्याकडेच असते. शहाऐंशी झाली. वर्षांचा हिशेब तिचा सुटलाय, मधूनच विचारते, एलेनीबाईंची लिंबं आली का. पण बोटं शाबूत आहेत. मी काटकी तिच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तिने डोळे मिटून दोरा बोटांतून फिरवला, वळण न् वळण, पाठ तपासावी तसा. मग तिचे डोळे भरून आले.

"आणि तू इथे काय बसलीस?" ती मला म्हणाली, पूर्वीच्या त्या मास्तरणीच्या आवाजात. "ऊठ, एलेनीबाईंना दाखवून ये. पळ, फोन वाजायच्या आत."

मी उठले. खरंच उठले. पायात सपाता सरकवल्या, दोरा मुठीत धरला आणि डेकच्या पायऱ्या उतरून अल्बनीच्या कुंपणापर्यंत गेले.